बोर्ड लावणारा माणूस: कोर्ट हलतं ते नेमकं कुणामुळे?

सकाळी साडेदहाला मुंबईतल्या कुठल्याही कोर्टाच्या मजल्यावर गेलात, तर दाराशेजारी एक कागद चिकटवलेला दिसतो. त्याला तिथे सगळे 'बोर्ड' म्हणतात. त्या दिवशी त्या न्यायाधीशांसमोर येणाऱ्या प्रकरणांची ती यादी. माणसं त्यावर बोट फिरवत आपला नंबर शोधत असतात. माझी आत्या एका दिवाणी दाव्यासाठी अशाच एका कोर्टात बरीच वर्षं जात होती. कोर्टाचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही कोर्टाची असू शकते. एकदा तिचा नंबर होता ६४. अकराला जाऊन बसली, पावणेपाचला पुकारा झाला, समोरच्या वकिलांनी तहकुबीचा, म्हणजे सुनावणी पुढे ढकलण्याचा, अर्ज दिला आणि पुढची तारीख पडली. दीड मिनिटात सगळं आटोपलं. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "अरे, आज ६४ जणांचं काम व्हायचं नाही हे त्यांना सकाळीच माहीत नव्हतं का?"

माहीत होतं. तरीही ६४ लावले होते. ते का, आणि हे बदलायचं तर कुणी, एवढंच या लेखात समजून घेऊ.

विषय आत्ता काढण्याचं कारणही आहे. मुंबईत १ कोटी रुपयांपर्यंतचे दिवाणी दावे नगर दिवाणी न्यायालयात आणि त्यावरचे थेट उच्च न्यायालयात, अशी वाटणी होती. २०२४ पासून ही मर्यादा १० कोटींवर गेली. मुंबईतल्या जागांचे भाव पाहता साध्या दोन खोल्यांचा वादही १ कोटीच्या वर जातो, त्यामुळे बदल रास्तच होता. पण मग नगर दिवाणी न्यायालय हे ओझं पेलणार कसं? उत्तरं ठरलेली असतात: न्यायाधीश वाढवा, कायदा कडक करा, संगणक द्या. ते कोर्ट चालवतं कोण आणि कसं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

न्यायाधीश एक, कामं दोन

आदर्श न्यायाधीश म्हटलं की मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून पुणं सोडणारे. नि:स्पृहतेचा तो आदर्श योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर न्यायाधीश म्हणजे फक्त निकाल देणारा माणूस उभा राहतो. आज कुणाचं प्रकरण घ्यायचं, साक्षीदाराला कधी बोलवायचं, समन्स पोचलं की नाही हे कोण बघायचं, या गोष्टी आपल्या कल्पनेत येतच नाहीत.

प्रत्यक्षात कोर्टात दोन कामं चालतात. एक न्यायदानाचं आणि दुसरं कोर्ट चालवण्याचं, म्हणजे प्रशासनाचं. बेस्टच्या आगाराचं उदाहरण घ्या. ड्रायव्हर कितीही निष्णात असला, तरी आगारात ड्युटी लावताना घोळ झाला तर एका मार्गावर ओळीने चार बस येतात आणि दुसऱ्या मार्गावर पाऊण तास एकही नाही. स्टॉपवरचा माणूस शिव्या देतो ड्रायव्हरला. कोर्टातही तसंच. पक्षकार रागावतो समोर बसलेल्या न्यायाधीशांवर, पण त्यांच्या हाताखाली किती कर्मचारी आहेत, त्यांच्याकडे कोणती आणि किती प्रकरणं आली, त्यांची बदली कधी होणार, हे त्यांनी ठरवलेलं नसतं.

इंग्रजीत ज्याला 'ज्युडिशियल लीडरशिप' म्हणतात ते हेच दुसरं काम, नुसतं उरकण्यापेक्षा सुधारणेच्या इराद्याने केलेलं. मराठीत त्याला 'न्यायालयीन नेतृत्व' म्हणू. हा शब्द मला फारसा आवडत नाही, नेतृत्व म्हटलं की बॅनर आठवतो. पण दुसरा सापडला नाही.

या कोर्टांवर हुकमत कुणाची?

पुष्कळांना वाटतं, खालची कोर्टं सरकारच्या ताब्यात असतात. संविधानाचा अनुच्छेद २३५ स्पष्ट सांगतो की जिल्हा न्यायालयं आणि त्याखालची न्यायालयं यांच्यावर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. बदल्या, रजा, चौकशी, न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल, सगळं तिथे. सरकारच्या हातात उरतात पैसे: इमारत, पगार, नवीन पदांची मंजुरी. घर चालवायचं सुनेने आणि कपाटाची किल्ली सासूकडे, असा हा संसार आहे.

महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या एकेका न्यायमूर्तीकडे एकेक जिल्हा सोपवलेला असतो. त्यांना 'पालक न्यायमूर्ती' म्हणतात. जिल्ह्यात सर्वांत वर असतात प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. कामाची वाटणी, कर्मचारी, तपासणी हे सगळं त्यांच्याकडे.

मुंबईत मात्र असा एकच प्रमुख नाही. नगर दिवाणी व सत्र न्यायालयाला स्वतंत्र प्रधान न्यायाधीश, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाला स्वतंत्र मुख्य न्यायाधीश, वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाला आणखी वेगळे. एस्प्लनेडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेली दंडाधिकारी न्यायालयं, त्यांची रचना निराळी. वकील मात्र तेच. सकाळी फोर्टला, दुपारी वांद्र्याला आणि चारला दिंडोशीला धावणारे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंबर ६४ चं गणित

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. दिवसाला नीट ऐकून होतील अशी प्रकरणं समजा पंधरा-वीस. मग ६४ का लावायची?

एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा. पत्रकावर वेळ सहाची असते. सगळ्यांना माहीत असतं की साडेसहाशिवाय गणसंख्या जमत नाही, म्हणून लोक पावणेसातला येतात. लोक पावणेसातला येतात म्हणून सेक्रेटरी पुढच्या वेळी साडेपाच लिहितो. ते कळलं की लोक आणखी उशिरा येतात. यात कुणी एक माणूस वाईट नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या सवयीप्रमाणे शहाणपणाने वागतो आहे, आणि सगळ्यांचं मिळून वाटोळं होतं आहे.

बोर्डाचं अगदी तसंच. न्यायाधीशांना ठाऊक असतं की निम्मे वकील तहकुबी मागणार, कुठे साक्षीदार येणार नाही, कुठे समन्स बजावलंच गेलेलं नसणार. दोन वाजताच बोर्ड संपून रिकामं बसायला नको, म्हणून जास्त प्रकरणं लावली जातात. वकिलाला ठाऊक असतं की ६४ नंबरचा पुकारा झाला तरी सुनावणी व्हायची नाही. मग तो तयारी कशाला करेल? साक्षीदार एक दिवसाची मजुरी बुडवून विरारहून आलेला असतो आणि साक्ष न होताच परत जातो. पुढच्या तारखेला तो येत नाही. न्यायाधीश म्हणतात, बघा, साक्षीदार येत नाहीत, म्हणूनच जास्त लावावी लागतात.

हे चक्र एकट्या न्यायाधीशाला तोडता येत नाही. समजा पाच नंबरच्या कोर्टातल्या बाईंनी ठरवलं, उद्यापासून वीसच प्रकरणं लावायची आणि तहकुबी द्यायची नाही. वकील सांगणार, "मॅडम, माझी शेजारच्या कोर्टात उलटतपासणी चालू आहे." ते खरंही असतं. बाई कडक राहिल्या तर भरडला जातो पक्षकार, आणि नरमल्या तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. पण इमारतीतल्या सगळ्या कोर्टांनी एकाच सोमवारपासून बोर्डावर वेळा लिहिल्या, अकरा ते एक अर्ज आणि अडीचनंतर फक्त साक्षी, तर वकिलालाही आपला दिवस आखता येतो. ही सगळी कोर्टं एका सोमवारी एकत्र आणणं हे काम प्रमुखाचं. ते कुठल्याही निकालपत्रात दिसत नाही.

बाकीची कामंही अशीच, रटाळ वाटणारी. समन्स बजावणाऱ्या बेलिफाकडे किती समन्सं पडून आहेत हे दर आठवड्याला विचारणं. पोलीस ठाण्यांच्या अधिकाऱ्यांना बसवून साक्षीदार का येत नाहीत ते सोडवणं. कुणाकडे स्टेनो नाही म्हणून साक्ष अडली आहे का ते पाहणं. वकील संघटनेशी आधी बोलणं आणि मग आदेश काढणं. हा शेवटचा क्रम उलटा झाला की बहिष्काराचा ठराव आलाच.

कायदा आहे की! मग अडतं कुठे?

दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे की सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. प्रतिवादीने लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, ३० दिवसांत द्यावी, फार तर ९०. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता दोनच तहकुब्यांची भाषा करते. आणि तरी आत्याचा अनुभव तुमच्या-माझ्या ओळखीचा.

कारण या प्रत्येक नियमाला 'परिस्थिती हाताबाहेरची असेल तर' अशी एक फट आहे, आणि ती असायलाच हवी. वकिलाला हृदयविकाराचा झटका आला तर पक्षकाराचा दावा बुडू नये. पण ही फट किती उघडायची हे कायद्याचं पुस्तक ठरवत नाही. त्या इमारतीतला रिवाज ठरवतो.

अमेरिकेत १९७८ मध्ये २१ शहरांमधल्या न्यायालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यायाधीशामागे प्रकरणं कमी म्हणजे वेग जास्त, हा सगळ्यांचा अंदाज. तो चुकीचा निघाला. प्रत्येक न्यायाधीशावर सारखाच बोजा असलेल्या दोन शहरांत वेगाचा फरक प्रचंड होता. अभ्यासकांनी त्याचं कारण दिलं, तिथली 'स्थानिक न्यायसंस्कृती'. म्हणजे इथे एवढा वेळ लागतोच, अशी वकील आणि न्यायाधीश या दोघांनी मनोमन मान्य केलेली कल्पना. आपल्याकडे तिला 'कोर्टाची पायरी' म्हणतात आणि शहाण्याने ती चढू नये असंही सांगतात.

अशी सवय बदलल्याचं एक उदाहरण त्याच देशातल्या न्यू जर्सी राज्यात सापडतं. १९४७ च्या नव्या राज्यघटनेने तिथल्या मुख्य न्यायमूर्तींना राज्यातल्या सर्व न्यायालयांचं प्रशासकीय प्रमुख केलं आणि पहिले मुख्य न्यायमूर्ती आर्थर व्हँडरबिल्ट यांनी प्रत्येक न्यायाधीशाकडून दर आठवड्याला कामाचा अहवाल मागायला सुरुवात केली. किती ऐकली, किती राहिली, निकाल राखून ठेवलेली किती. न्यायाधीश मंडळी चिडली. पण अहवाल येऊ लागले.

मोजायला लागलं की हलतं

परदेशी दाखला नको असेल तर घरचा देतो. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतल्या दुय्यम न्यायाधीशांच्या कामावर देखरेख करायला एक विशेष न्यायाधीश नेमलेला असे. १८८७ मध्ये ती जागा न्यायमूर्ती रानड्यांकडे आली. समाजसुधारक रानडे आपल्याला ठाऊक आहेत. गावोगाव दौरे करून खालच्या कोर्टांची दप्तरं तपासणारे रानडे फारसे कुणाला आठवत नाहीत. मला तेच जास्त मोठे वाटतात. सावकाराने लावलेला दावा शेतकरी हजर नसताना एकतर्फी निकाली निघाला का, हे मुंबईत बसून कळत नाही. दप्तर उघडावं लागतं.

आज दप्तर उघडणं सोपं झालं आहे. २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड नावाची साइट सगळ्यांसाठी खुली आहे. कोणत्या जिल्ह्यात किती प्रकरणं, किती वर्षांची, कोणत्या टप्प्यावर, सगळं दिसतं. महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांत ५० लाखांहून अधिक प्रकरणं प्रलंबित असल्याचं तिथेच कळतं. पण आकडा दिसणं वेगळं आणि त्याबद्दल कुणीतरी कुणाला तरी जाब विचारणं वेगळं.

ताजं उदाहरण दरखास्तींचं. दावा जिंकल्यावर पैसे किंवा ताबा आपोआप मिळत नाही, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्याला दरखास्त म्हणतात, आणि कित्येकांची खरी लढाई तिथे सुरू होते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं, आपापल्या हद्दीतल्या दरखास्ती मोजा आणि सहा महिन्यांत निकाली काढायला लावा. ऑक्टोबरमध्ये हिशेब आला. देशभर ८.८२ लाखांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यांत सर्वांत जास्त, सुमारे ३.४१ लाख, मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत. सर्वोच्च न्यायालय या आकड्यांवर नाराजच झालं. पण त्याच सहा महिन्यांत सुमारे ३.३८ लाख दरखास्ती निकाली निघाल्या होत्या. त्यांतल्या किती एरवीही निघाल्या असत्या हे सोडा, वरून विचारणा होते आहे हे खालच्या टेबलापर्यंत पोचलं, एवढं नक्की.

"पण न्यायाधीशच कमी आहेत ना?"

हो, आणि हा आक्षेप खोडून काढायचा माझा विचार नाही. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत करा म्हणून आदेश दिला. आज आपण मंजूर पदं धरूनही २१-२२ च्या आसपास आहोत, आणि मंजूर पदंही सगळी भरलेली नसतात. कितीही चांगला प्रमुख आला तरी नसलेला न्यायाधीश तो आणू शकत नाही.

मुद्दा एवढाच की ६४ नंबरच्या बोर्डाची सवय तशीच ठेवून दहा नवे न्यायाधीश आणले, तर ६४ नंबरचे दहा नवे बोर्ड तयार होतात. रस्ता रुंद करून सिग्नल बंद ठेवण्यासारखं.

"वेगाच्या नादात न्याय मरणार नाही का?"

मरू शकतो. न्यायाधीशांच्या कामाची मोजणी 'युनिट'मध्ये होते, म्हणजे अमुक प्रकारच्या निकालाला अमुक गुण. गुण मोजायला लागलं की माणूस सोपे पेपर आधी सोडवतो. तडजोडीची, दंड भरून मिटणारी प्रकरणं भराभर निघतात, आणि १९९० च्या दशकातला गुंतागुंतीचा वाटपाचा दावा कपाटात तसाच राहतो. महिनाअखेरीचा आकडा मात्र सुरेख दिसतो.

म्हणून प्रमुखाने नेमकं काय मोजायचं ठरवलं आहे, हे मला त्याच्या कडकपणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. किती निकाल लागले हे विचारणं सोपं. सर्वांत जुनी दहा प्रकरणं गेल्या महिन्यात एका टप्प्याने तरी पुढे सरकली का, किती साक्षीदार साक्ष न होता परत गेले, हे विचारायला कोर्ट कळावं लागतं.

या ठिकाणी अनेकांना न्यायमूर्ती शाहरुख काथावाला आठवतील. मे २०१८ मध्ये उन्हाळी सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी ते मुंबई उच्च न्यायालयात पहाटे साडेतीनच्या सुमारापर्यंत प्रकरणं ऐकत बसले होते. त्या जिद्दीला सलामच करायला हवा. पण एका माणसाने रात्र जागवणं आणि व्यवस्था दिवसा नीट चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पहाटे तीनला स्टेनो, शिपाई आणि वकीलही जागेच असतात.

"प्रमुख हस्तक्षेप करू लागले तर?"

निकाल काय द्यायचा हे प्रधान न्यायाधीश आपल्या सहकाऱ्याला सांगू शकत नाहीत. चुकलं तर अपील आहे. पण कोणतं प्रकरण कुणाकडे जाणार हे ठरवण्यातही सत्ता असते. १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा वादाच्या मुळाशी प्रकरणांची वाटणीच होती. जे दिल्लीत होऊ शकतं ते तालुक्यातही होऊ शकतं. त्यावर उपाय नेतृत्व नको म्हणण्याचा नाही. वाटणीचे नियम आधी लिहून जाहीर करायचे आणि मग संगणकाला वाटू द्यायचं. प्रमुखाकडे आखणी हवी, निवड नको.

"साहेब बदलले की सगळं परत पहिल्यासारखं"

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. जिल्हा न्यायाधीशांची बदली साधारण तीन वर्षांनी होते, आणि प्रमुखपदावर पोचेपर्यंत कित्येकांची निवृत्ती जवळ आलेली असते. पहिले सहा महिने इमारत समजण्यात जातात, शेवटचे सहा बदलीची वाट बघण्यात. मधल्या काळात कुणी काही बसवलं तर ते त्यांच्याबरोबरच जातं. बदली नकोच असंही म्हणता येत नाही. एकाच जागी दहा वर्षं बसलेल्या प्रमुखाभोवती काय जमतं, हे दुसऱ्या खात्यांमध्ये आपण पाहिलेलं आहे.

यावर 'कोर्ट मॅनेजर' हा उपाय निघाला. व्यवस्थापन शिकलेला, बदलीने न जाणारा माणूस प्रमुखाच्या हाताशी द्यायचा. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ साठी त्याकरता ३०० कोटी रुपये ठेवले होते. नेमणुका झाल्या, पण कंत्राटी. पैसे संपल्यावर अनेक ठिकाणी पदंही डळमळली. सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये सांगावं लागलं की यांच्यासाठी नियम करा, यांना कायम करा. पंधरा वर्षं गेली ती माणूस ठेवायचा की नाही हे ठरवण्यात.

आत्याच्या कोर्टातही एकदा असे एक प्रमुख आले होते. बोर्डावर वेळा लिहिल्या जाऊ लागल्या. तिचा नंबर ९ होता आणि पुढे 'दु. ३ नंतर' असं छापलेलं. ती जेवून, औषधं घेऊन अडीचला निघाली आणि त्या दिवशी तिची साक्ष पुरी झाली. तिचे वकील कुरकुरले, कारण त्यांना खरोखर तयारी करावी लागली होती. पुढे ते प्रमुख बदलून गेले, छापील वेळा गेल्या, नंबर पुन्हा पन्नाशीत.

पण त्या कोर्टातल्या कारकुनाला सवय लागली होती. बोर्ड चिकटवल्यावर तो अजूनही काही नंबरांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळ लिहितो. म्हातारी माणसं आधी तिकडे बघतात.